खुणेइतकं पाणी

१

मंगळवारी सकाळी साडेनऊला ताटलीतल्या पेशी मेल्या, आणि दहाच्या ठोक्याला डॉक्टर नीवेस बेरुत्तीची अब्रू त्यांच्या मागोमाग गेली.

पेशींचं सुतक कुणी धरत नाही. काचेच्या ताटलीत त्या वाढवायच्या, वर विष टाकायचं आणि किती उरल्या ते मोजायचं, हे तोरिनोमधल्या त्या जुन्या संस्थेत रोजचंच होतं. पण या पेशींनी जगायला हवं होतं. निळ्या ॲस्बेस्टॉसच्या धाग्यावरचं वरवरचं लोखंड काढून घेतलं, की धागा तोच राहतो, तेवढाच लांब, तेवढाच बारीक, तरी त्याचा डंख उतरतो, असं नीवेसनं वसंतात छापून सांगितलं होतं. तिच्या मोजणीत शंभरातल्या ऐंशी पेशी वाचल्या होत्या. ते धुतलेले धागे बरणीत पाण्याखाली ठेवून, कपाटाला कुलूप लावून ती सुटीवर गेली. सप्टेंबरात परतल्यावर तिनं दोन पाहुण्या शास्त्रज्ञांसमोर त्याच बरणीतले धागे पेशींवर घातले. शंभरातल्या जेमतेम पंधरा उरल्या. न धुतलेल्या धाग्यांनीसुद्धा तीस सोडल्या होत्या.

"अभिनंदन!" शेजारच्या प्रयोगशाळेतला डॉक्टर तुल्यो स्क्लावो म्हणाला. "धुतल्यावर विष वाढतं. तोरिनोत साबणावर बंदी आणायला हवी."

पाहुणे हसले नाहीत, आणि ते जास्त वाईट होतं. दुपारी स्क्लावोनं स्वतःच्या सहीनं पत्र दिलं, की वसंतातले आकडे बनावट असावेत. चौकशी समिती शुक्रवारी सकाळी दहाला बसणार होती. तिनं आकडे खोटे ठरवले, की चौतीस वर्षांच्या नीवेसला पुन्हा कुठल्याच प्रयोगशाळेचं दार उघडणार नव्हतं.

संध्याकाळी संस्थेचे प्रमुख, प्राध्यापक गास्तोने व्यारेंगो यांनी देल्फिना क्वाल्याला फोन लावला.

देल्फिनाबाई सदुसष्ट वर्षांच्या होत्या. पस्तीस वर्षं त्यांनी सरकारतर्फे पियेमोंतेमधली तळघरं पालथी घालून भेसळीची वाइन पकडली होती. प्राध्यापकांच्या सख्ख्या मेव्हण्याची चार हजार लिटर बार्बेरा वाइन त्यांनी त्याच्याच हातानं गटारात ओतायला लावली होती. तेव्हापासून मेव्हणा त्यांचं नाव काढलं की थुंकायचा आणि प्राध्यापक टोपी काढायचे.

"मला रसायनातलं ओ की ठो कळत नाही," देल्फिनाबाई म्हणाल्या.

"रसायन कळणारे आहेत हो, ढिगानं आहेत. माणसं कळणारं कुणी नाहीये इथं," प्राध्यापक म्हणाले. "बाई, एक तर माझ्या हाताखालची पोरगी खोटारडी आहे, नाहीतर माझ्या इमारतीत चोर आहे. मला दोन्ही नकोय."

"आपल्याला काय नकोय, ते विचारून काही घडत नाही, प्रोफेसर," त्या म्हणाल्या आणि कोट कुठं टांगलाय ते पाहू लागल्या.

२

बुधवारी सकाळी नीवेस कपाटासमोर उभी होती. रात्रभर न झोपलेल्या माणसाचे डोळे जसे असतात तसे तिचे होते.

"सरळ विचारते," देल्फिनाबाई म्हणाल्या. "वसंतातले आकडे खरे का?"

"खरे."

"एवढंच? रडणं नाही, शपथ नाही?"

"शपथ घेऊन ऐंशीचे ब्याऐंशी होत नाहीत."

हे उत्तर देल्फिनाबाईंना आवडलं. भेसळवाले शपथा फार घेतात, हा त्यांचा अनुभव होता.

"मग ही बरणी बदलली कुणी? चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल."

"तेच मला आधी वाटलं. पण वजनानं मोजून पाहिलं. न धुतलेल्या धाग्यात शंभर भागांत सत्तावीस भाग लोखंड असतं. धुतलेल्यात चोवीस. या बरणीत अजूनही चोवीसच आहे. म्हणजे ही माझीच बरणी. यातले धागे धुतलेलेच आहेत."

"सत्तावीसाचे चोवीस? एवढं धुऊन तीनच भाग गेले? आणि तेवढ्यानं ऐंशी पेशी वाचतात?"

नीवेसच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला. कुणीतरी योग्य जागी बोट ठेवलं होतं. "तेच तर आहे ना, बाई! लोखंड किती आहे याला अर्थ नाही, ते कुठं आहे याला अर्थ आहे. धाग्याच्या आतलं लोखंड चारी बाजूंनी बांधलेलं असतं, ते बिचारं काही करत नाही. वरच्या कडेवर जे बसलेलं असतं, त्याचा एक हात धाग्यात आणि एक हात मोकळा. तो मोकळा हात सगळी खोडी करतो. शरीरातल्या साध्या गोष्टींपासून असे तुकडे बनवतो, की ते पेशीला आतून जाळतात. आणि एकदा करून थांबत नाही, करतच राहतो. मी औषध घालून तेवढंच, वरचं, मोकळ्या हाताचं लोखंड ओढून काढलं."

"आणि स्क्लावोचं म्हणणं?"

"धागा लांब नि बारीक असला की झालं, लोखंड निमित्तमात्र. त्यातही तथ्य आहे. लांब धागा पेशीला गिळता येत नाही, हे खरंच आहे."

शत्रूची बाजू एवढी नीट मांडणारी माणसं देल्फिनाबाईंनी पस्तीस वर्षांत मोजून तीन पाहिली होती.

त्यांनी बरणी प्रकाशात धरली. काचेची, कापसाच्या बोळ्यानं तोंड बंद केलेली. तळाशी निळसर गाळ आणि वर पाणी. काचेवर पेन्सिलीची बारीक रेघ होती आणि शेजारी तारीख, एकतीस जुलै.

"पाणी कुठवर आहे याची खूण," नीवेस म्हणाली. "कुणी हात लावला तर कळावं म्हणून केली होती. पण आले तेव्हा पाणी बरोबर खुणेला होतं, एका केसाचाही फरक नाही. कुणीच हात लावलेला नाही, बाई. म्हणजे मीच..." तिनं रेघेवरून बोट फिरवलं. "काल रात्री मला पहिल्यांदा वाटलं, वसंतात मीच चुकीचं मोजलं की काय."

देल्फिनाबाई त्या रेघेकडे बराच वेळ पाहत राहिल्या. त्या रेघेत काहीतरी त्यांना खुपत होतं, पण काय, ते सापडेना.

३

कपाटाच्या किल्ल्या तीन होत्या. एक नीवेसजवळ, एक प्राध्यापकांजवळ आणि एक रखवालदाराजवळ. प्राध्यापक ऑगस्टभर डोंगरात मेंढ्यांचं चीज खात बसले होते आणि त्याला अख्खं गाव साक्षी होतं. म्हणून देल्फिनाबाई दारातल्या खोलीत गेल्या.

रखवालदाराचं नाव सेकोंदो बोझियो. वय त्रेसष्ट, हात फावड्यासारखे रुंद. मोनफेर्रातोच्या टेकड्यांवर, वाल्मेरा गावात त्याची दोन बिघे द्राक्षबाग होती. दर शनिवारी तो गावी जायचा नि सोमवारी पहाटे परतायचा. वाइनवाल्या बाईंना त्यानं बघताक्षणी ओळखलं.

"क्वाल्याबाई! शहाऐंशी साली तुम्ही आमच्या गावात आला होता तेव्हा पाद्रीबुवांनी चर्चमधल्या प्रार्थनेची वाइनसुद्धा लपवली होती."

"तीच तर भेसळीची होती. तुमची मात्र चोख निघाली होती, बोझियो. माझ्या वहीत अजून असेल."

तो लाजला. "आमच्या बापानं सांगितलं होतं, पिंपात पाण्याचा थेंब घालणारा हात वाळतो. बसा. कॉफी?"

"डॉक्टरनं कॉफी बंद केलीये. चहा असला तर बघा."

त्यानं खुर्चीखालून वेताच्या टोपलीतला काचेचा बुधला ओढला, भांड्यात पाणी ओतलं, शेगडीवर ठेवलं. चहाची पुडी बुडवली आणि बोलता बोलता पेला पुढं केला. चहा काळाकुट्ट झाला होता.

"दोन मिनिटंच ठेवली होती पुडी," तो वरमून म्हणाला. "मी चहा पीत नाही, त्यामुळं जुनी असेल."

देल्फिनाबाईंनी लिंबू पिळलं नि मुकाट्यानं प्यायल्या. वाईट चहा पिणं हा त्यांच्या नोकरीचा भागच होता.

भिंतीवर एका बाईचा फोटो होता. गोल चेहरा, डोक्याला रुमाल.

"ओर्सोला, माझी बायको," सेकोंदो म्हणाला. "आठ वर्षं झाली जाऊन. नदीकाठच्या पत्र्यांच्या कारखान्यात मी सहा वर्षं होतो, ॲस्बेस्टॉस नि सिमेंट. मला काही झालं नाही. माझे कपडे ती झटकून धुवायची, तिला झालं." त्यानं फोटोकडं न बघताच हे सांगितलं. "म्हणून तर डॉक्टर नीवेसच्या बरण्यांवर माझं लक्ष असतं. मला त्यातलं कळत नाही. पण ती पोरगी त्या धाग्याचं नरडं धरायला निघालीये, एवढं कळतं."

"ऑगस्टात कोण कोण येऊन गेलं?"

"ऑगस्टात तोरिनोत कबुतरंसुद्धा नसतात, बाई. पहिले तीन दिवस तेवढे डॉक्टर स्क्लावो होते. सगळे गेल्यावर त्यांचा दिवा संध्याकाळपर्यंत चालू असायचा. मग तेही सार्डिनियाला गेले. नंतर मी एकटा."

"आणि तुम्ही कपाट उघडलंत?"

सेकोंदोनं शेगडी बंद केली. ती आधीच बंद होती.

"मी रोज फेरी मारतो," तो म्हणाला. "फेरी मारणं माझं कामच आहे."

४

तुल्यो स्क्लावोनं देल्फिनाबाईंना बसायला खुर्ची दिली नाही. म्हणून त्या त्याच्या टेबलावर बसल्या.

"तुमच्या मैत्रिणीला सांगा," तो म्हणाला, "निसर्ग कुणाच्या थापेला भुलत नाही."

"सांगते. तुम्ही एक ते तीन ऑगस्ट इथं एकटेच काय करत होता?"

"काम. काही लोक करतात."

"तुमचं कपाट बघू?"

"खुशाल. कुलूप मी स्वतः बदलून घेतलंय, किल्ली एकट्या माझ्याजवळ असते. माझा कुणावर विश्वास नाही."

कपाटात सहा बरण्या होत्या, कापसाचे तसेच बोळे लावलेल्या. देल्फिनाबाई वाकल्या. प्रत्येक बरणीत काचेवर एक वाळलेला पांढुरका गोल उमटला होता आणि पाणी त्याच्या दोन बोटं खाली होतं.

"ह्या कधी भरल्यात?"

"जुलैअखेर. का?"

"आणि सुटीत कुणी उघडल्या नाहीत?"

"म्हटलं ना, किल्ली माझ्याजवळ."

त्यांच्या डोक्यात सकाळपासून खुपणारा काटा त्या क्षणी हाताला लागला. त्या टेबलावरून उतरल्या.

"डॉक्टर, तोरिनोचा ऑगस्ट, कापसाचा बोळा, सहा आठवडे. तुमच्या सहाही बरण्यांतलं पाणी दोन बोटं उडालं. शेजारच्या खोलीत, त्याच उकाड्यात, तिच्या बरणीतलं पाणी एक केसभरही उतरलं नाही. असं कसं झालं असेल?"

स्क्लावो हुशार माणूस होता.

"कुणीतरी भर घातली," तो हळूच म्हणाला.

"खूण हललेली नाही म्हणून कुणी हात लावला नाही, असं समजत होती बिचारी. उलट खूण हलली नाही, म्हणूनच कुणीतरी हात लावलाय. आता सांगा, तुम्ही का?"

"मी नाही!" तो एकदम ओरडला. मग त्यानं दार लावलं, आणि पहिल्यांदाच खुर्ची पुढं केली. "बसा. मी तिच्या बरणीत काही घातलं नाही. मी... काढलं. एकतीस जुलैला ती सगळ्यांचा निरोप घेत फिरत होती, कपाट उघडं होतं. चिमूटभर गाळ घेतला. ती खोटी आहे हे सिद्ध करायला. तीन दिवस खपलो."

"आणि?"

"शंभरातल्या एकोणऐंशी वाचल्या," स्क्लावो म्हणाला. हे वाक्य त्याला दात उपटल्यासारखं गेलं.

"म्हणजे तिचे आकडे खरे आहेत हे तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं! आणि तरी पत्र लिहिलंत?"

"मला वाटलं मीच चुकलो असेन! मंगळवारी पंधराच उरल्या तेव्हा तर खात्रीच झाली. त्या मोजणीचा कागद मी ऑगस्टातच फाडला होता. आता समितीसमोर काय सांगू? चोरलेली चिमूट, फाडलेला कागद? बरणीत काय गेलं ते दाखवल्याशिवाय माझ्या शब्दाला कवडीची किंमत नाही."

"तुमच्या शब्दाची किंमत तुम्हीच पाडलीत," देल्फिनाबाई म्हणाल्या. त्या चिडल्या होत्या, आणि त्यांना ते लपवायचंही नव्हतं.

पण आता दोन गोष्टी पक्क्या झाल्या होत्या. एकतीस जुलैला बरणी निर्दोष होती. आणि तिच्यात जे गेलं ते पाण्यातून गेलं.

५

गुरुवारी सकाळी देल्फिनाबाई नीवेससमोर बसल्या आणि मोठ्यानं विचार करू लागल्या. त्यांना एकटीनं विचार करता येत नसे.

"शुद्ध पाण्याची भर घातली तर काही बिघडेल?"

"नाही. शुद्ध पाणी आम्ही खालच्या खोलीत बनवतो. पण ती ऑगस्टात बंद असते, किल्ली प्राध्यापकांच्या खिशात."

"म्हणजे भर घालणाऱ्याला शुद्ध पाणी मिळालं नाही. त्यानं दुसरं घातलं. आता असं सांग, त्या दुसऱ्या पाण्यात थोडं लोखंड असलं तर?"

नीवेस पेन्सिल चावायची थांबली.

"थोडं म्हणजे वजनात दिसणार नाही," ती सावकाश म्हणाली. "चोवीसाचे चोवीसच राहतील. पण धागा मी धुऊन रिकामा केला होता. कडेवरच्या जागा मोकळ्या, भुकेल्या. पाण्यातलं लोखंड येऊन नेमकं तिथंच बसेल, एकेकटं, जेमतेम चिकटलेलं. मूळच्यापेक्षाही मोकळा हात. अगंबाई!" ती उभी राहिली. "तसं असेल तर धुतलेला धागा न धुतलेल्यापेक्षा जास्त मारेल! पंधरा आणि तीस! बाई, पण एवढं लोखंड पाण्यात येणार कुठून? तोरिनोच्या नळाला नसतं."

देल्फिनाबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

त्यांच्या धंद्यात लोखंडाला सगळे भीत. गंजका खिळा पिंपात पडला, की लाल वाइन काळी पडते, कारण वाइनच्या तुरटपणाशी लोखंडाचं वैर आहे. जुन्या काळी ओक झाडाच्या गाठी नि लोखंड उकळून शाई करत, ती याच वैरातून. आणि वाइनइतकाच तुरट असतो चहा.

"लोखंड ओळखायचं तुमच्याकडं काय आहे?" त्यांनी विचारलं. "आमच्याकडं थेंब टाकायचे, निळं व्हायचं."

"तेच आहे."

"काढून ठेव. मी बाटली घेऊन येते."

अर्ध्या तासानं त्या परतल्या. रखवालदार फेरीवर होता आणि बुधला खुर्चीखाली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी परवान्याशिवाय नमुना उचलला होता. नीवेसनं थेंब टाकले. पाणी सप्टेंबरच्या आकाशासारखं निळंशार झालं.

"कुणाचं आहे हे?" नीवेसनं विचारलं, आणि लगेच तिला कळलं. "नाही. काका असं करणार नाहीत. काका माझ्या बरण्यांना देवासारखं जपतात."

"जपतात म्हणूनच," देल्फिनाबाई म्हणाल्या.

६

सेकोंदोनं नाकारलं नाही. तो बाकावर बसला, हात गुडघ्यांवर ठेवून.

"बरणी रिकामी होत चालली होती, बाई. खुणेपासून बोटभर खाली. तुम्हाला मी काय सांगू? पिंपाची मान रिकामी राहिली, की हवा शिरते. हवा शिरली, की वर्षाची मेहनत आंबली. आमच्यात मयत झालं तरी घरातला एक जण मागं राहून पिंपं भरून घेतो. मला ते बघवेना. पोरगीनं एवढी रेघ मारून ठेवलेली, आणि पाणी खाली."

"नळाचं का नाही घातलंत?"

"नळाचं? त्याला औषधाचा वास येतो! मी चांगलं घातलं. घरचं. वाल्मेराच्या झऱ्याचं, सोमवारी आणलेलं ताजं. तीन वेळा, दर वेळी खुणेइतकं." त्यानं मान वर केली. "आमच्याकडं बाळंतिणीला, आजाऱ्याला तेच देतात. लोखंडाचं पाणी, रक्त वाढवतं. लांबून लोक येतात न्यायला."

"मग मंगळवारी गप्प का बसलात? नोकरीची भीती?"

"नोकरी!" तो तुच्छतेनं म्हणाला. "दोन वर्षं राहिलीत. मंगळवारी संध्याकाळी डॉक्टर नीवेस जिन्यात प्राध्यापकांना सांगत होती, कडेवरचं लोखंड हेच खरं विष, ते तर मी काढून टाकलं होतं, तरी धागा मारतोच कसा. मी खाली दिवे लावत होतो. मला तिथंच सगळं समजलं."

त्यानं गुडघ्यांवरचे हात उलटे करून पाहिले.

"ओर्सोला आजारी पडली तेव्हा पांढरीफटक झाली होती. दीड वर्ष. रोज सकाळी एक पेला, रात्री एक. तिला नको असायचं, गंजाची चव येते म्हणायची. मी ओरडून पाजायचो. तिच्या छातीत तो धागा होता, बाई. आणि मी वरून भर घालत होतो."

पस्तीस वर्षांत गुन्हेगारांनी देल्फिनाबाईंसमोर रडून दाखवलं होतं, पायही धरले होते. हा माणूस नुसता बसला होता.

"खरंच तसं झालं का?" त्यानं विचारलं. "मी मारलं तिला?"

"मला वाइन कळते, बोझियो. हे कळत नाही. ज्याला कळतं त्याला विचारा. पण त्यासाठी आधी उद्या दहाला वर येऊन सांगावं लागेल, बरणीत काय घातलंत ते. तुम्ही नाही सांगितलंत, तर ती पोरगी गेली."

तो उठला आणि फेरीला निघाला.

शुक्रवारी सकाळी पावणेदहाला देल्फिनाबाई दारात आल्या, तेव्हा रखवालदाराच्या खोलीला कुलूप होतं.

७

समितीचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. ऐकू कमी यायचं, पण दिसायचं सगळं. देल्फिनाबाईंनी दोन्ही बरण्या टेबलावर ठेवल्या, एक दोन बोटं उतरलेली, एक खुणेला टेकलेली. पाणी उडायला हवं होतं आणि उडालं नाही, हे सांगितलं. स्क्लावोनं उठून आपली चिमूट कबूल केली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, तरी एकोणऐंशी हा आकडा त्यानं स्पष्ट उच्चारला.

"कागद?" अध्यक्षांनी विचारलं.

"फाडला."

"भर घालणारा माणूस?"

देल्फिनाबाईंनी दाराकडं पाहिलं. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"बाई," अध्यक्ष म्हणाले, "गोष्ट सुरेख आहे. पण कुणीतरी पाणी ओतलं असेल, असं म्हणून मला..."

दार उघडलं. सेकोंदो बोझियो काळा सूट घालून उभा होता, गळ्याशी आखडणारा. पहाटेच्या गाडीनं तो गावी जाऊन आला होता. हातात बुधला होता.

"मी ओतलं," तो म्हणाला. "झऱ्याचं ताजं आणलंय, तुम्हाला तपासायला. डॉक्टर नीवेसला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिचं कपाट मी उघडलं, न विचारता. तिच्या आकड्यांत खोट नव्हती, खोट माझ्या हातात होती."

नीवेस उठली. क्षणभर ती विसरली, की खटला तिच्यावर चालू आहे. "किती घातलंत काका? तीन वेळा मिळून? म्हणजे फार तर अर्धा पेला! तेवढ्यानं?" ती प्राध्यापकांकडं वळली. "सर, धागा स्वतःचं लोखंड घेऊन येतो असं आपण धरून चाललो. पण तो भेटेल तिथून उचलतो! म्हणून तर तुर्कस्तानातल्या अनातोलियाच्या काही गावांतला दगड, ज्याच्यात स्वतःचं लोखंड जवळपास नाहीच, तोही माणसं मारतो. फुफ्फुसात गेल्यावर तो शरीरातलंच..."

ती बोलता बोलता थांबली. सेकोंदो तिच्याकडं बघत होता.

"तेच विचारायचं होतं, डॉक्टर," तो म्हणाला. "ओर्सोलाला मी हेच पाणी पाजत होतो. दीड वर्ष, रोज दोन पेले. त्यानं तिचं लवकर झालं का?"

'नाही' एवढा एकच शब्द पुरेसा होता. प्राध्यापकांनी तिच्याकडं पाहून मान किंचित हलवली, म्हण, म्हणून टाक. देल्फिनाबाईही मनात म्हणत होत्या, म्हण ग पोरी, या माणसानं आत्ता तुला वाचवलंय.

नीवेस टेबलाला वळसा घालून त्याच्याजवळ गेली. तिनं त्याचा रुंद हात दोन्ही हातांत घेतला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मला माहीत नाही, काका," ती म्हणाली. "धागा तिच्या छातीत तीस वर्षं आधी गेला होता आणि तिच्या रक्तात त्याला पुरेल इतकं लोखंड तसंही होतं. तुमच्या दोन पेल्यांनी काही फरक पडला की नाही, हे कुणी मोजलेलं नाही. मला वाटतं नाही पडला. पण मला वाटणं म्हणजे माहीत असणं नाही."

सेकोंदोनं हात सोडवून घेतला, खिशातून रुमाल काढून तिला दिला आणि अध्यक्षांकडं वळला.

"ऐकलंत ना, साहेब?" तो म्हणाला. "ही मला खोटं सांगू शकली नाही. मग तुमच्या कागदावर कशाला सांगेल?"

अध्यक्षांनी फाइल मिटली.